ऑपरेशन हृदयाचे, परीक्षा फुप्फुसांची

‘ऑपरेशन व्यवस्थित झाले, पण न्यूमोनिया झाला.’ कोणत्याही मोठ्या रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य वरचेवर कानावर पडते. बायपास झालेली असते, झडप बदललेली असते, कधी फुप्फुसातली गाठ काढलेली असते. टाके सुकत असतात, हृदयाचे ठोके ठीक असतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजोबांना धाप लागते, ताप चढतो, बाजूला ठेवलेला ऑक्सिजनचा मास्क पुन्हा तोंडावर येतो. काहींना तर काढलेला व्हेंटिलेटर परत लावावा लागतो. मग कोणीतरी मान हलवत म्हणते, ‘शेवटी वय झाले होते हो.’

हे शेवटचे वाक्य जरा तपासून पाहायला हवे. त्यात थोडे तथ्य आहे. पण ते एकदा उच्चारले की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात, आणि खरे नुकसान तिथे होते.

छाती उघडायची म्हटली की नाशिककर मुंबईची गाडी पकडत, तो काळ फार जुना नाही. आता शालिमारचे सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आणि शहरातली खासगी हृदयरुग्णालये यांमुळे ही सोय जवळ आली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने ती सुरगाणा-पेठच्या शेतकरी कुटुंबाच्याही आवाक्यात आणली. सत्तरी गाठलेल्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. थोडक्यात, पूर्वी ज्यांना ‘आता या वयात कशाला’ म्हणून घरी ठेवले जायचे, ते आता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्यांचे हृदय तपासायला जेवढी माणसे आणि यंत्रे जुंपली जातात, त्याच्या पावपट लक्ष त्यांच्या फुप्फुसांकडे जात नाही.

छातीच्या शस्त्रक्रियेत फुप्फुसांचे नेमके काय होते, हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. पूर्ण भूल दिल्यावर माणूस उताणा असतो आणि त्याचे स्नायू सैल पडलेले असतात. पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि फुप्फुसांचा पाठीकडचा भाग मिटतो. पूर्ण भूल दिलेल्या दहापैकी नऊ जणांत असा मिटलेला भाग थोडाफार सापडतोच. तरुण माणूस जागा झाल्यावर चार खोल श्वास घेतो, एकदा जोरात खोकतो आणि तो भाग बऱ्यापैकी उघडतो. म्हाताऱ्या माणसाला हेच जमत नाही. वयानुसार फुप्फुसांची लवचीकता कमी झालेली असते, बरगड्यांचा पिंजरा ताठरलेला असतो, खोकल्याची उबळ मंदावलेली असते आणि खोकायला लागणारे स्नायूही थकलेले असतात. साधारण पासष्टीनंतर ताठ बसलेले असतानाही नेहमीचा श्वास सोडताना काही बारीक श्वासनलिका मिटू लागतात. आडवे झाल्यावर तर हा प्रकार चाळिशीतच सुरू होतो. म्हणजे ज्येष्ठ रुग्णाला नुसते आडवे ठेवले, तरी फुप्फुसाचा काही भाग बंद पडत असतो.

त्यात छातीवरची जखम. बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापून नंतर तारेने बांधतात. रक्तवाहिनी जोडण्यासाठी छातीच्या आतली धमनी मोकळी करताना बऱ्याचदा डाव्या फुप्फुसाभोवतीचे आवरण उघडले जाते, त्यामुळे त्या बाजूला पाणी साचणे नेहमीचे. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत बरगड्यांमधून शिरावे लागते आणि तिथली वेदना प्रत्येक श्वासाला जाणवते. दुखते म्हणून श्वास उथळ होतो. सुरुवातीच्या दिवसांत खोल श्वास घेण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. मिटलेल्या भागात कफ साठतो, कफात जंतू वाढतात. टपरीवरच्या वाक्यातला न्यूमोनिया तो हाच.

आता ‘वय झाले’कडे वळू. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या रुग्णालयांत २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या २,४६४ रुग्णांचा अभ्यास करून तिथल्या भूलतज्ज्ञांनी एक गुणपत्रिका बनवली. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि ‘अ‍ॅरिस्कॅट’ या नावाने आज जगभर वापरली जाते. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचा त्रास होण्याचा धोका तिच्यात गुणांत मोजतात. गुण जितके जास्त तितका धोका मोठा. या पत्रिकेत ५१ ते ८० या वयाला किती गुण आहेत? तीन. ऐंशीच्या पुढे मात्र १६. मागच्या महिनाभरात श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन गेला असेल तर १७. हिमोग्लोबिन १० किंवा त्याखाली असेल तर ११. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९१ ते ९५ दाखवत असेल तर ८, आणि ९० किंवा त्याहून कमी असेल तर थेट २४. शस्त्रक्रिया छातीच्या आतली असेल तर २४, तीन तासांपेक्षा जास्त चालली तर २३, तातडीने करावी लागली तर ८.

बहात्तर वर्षांच्या एखाद्या रुग्णाची साडेतीन तासांची छातीची शस्त्रक्रिया धरली, तर बेरीज ५० होते. ४५ पासून पुढे धोका मोठा मानतात. त्या गटातल्या शंभरपैकी सुमारे ४२ जणांना फुप्फुसांचा काही ना काही त्रास झाला होता. २६ च्या खाली असलेल्यांत हे प्रमाण शंभरात दोनही नव्हते. त्या ५० पैकी ४७ गुण शस्त्रक्रियेचे आहेत, ते टळणारे नाहीत. वयाचे आहेत फक्त तीन. पण याच रुग्णाला पंधरा दिवसांपूर्वी कफाचा खोकला होऊन गेला असेल आणि त्याचे हिमोग्लोबिन साडेनऊ असेल, तर बेरीज ७८ वर जाते. वाढलेले हे २८ गुण कमी करता आले असते. थोडे थांबून, तपासून, औषध देऊन. ऐंशी वर्षे पार केल्याच्या गुणांपेक्षा महिनाभरातल्या छातीच्या संसर्गाचे गुण एकाने जास्त आहेत, हे तर प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

अर्थात, वय एकटे येत नसते. त्याच्यासोबत मधुमेह, मूत्रपिंडाची कुरबूर, झिजलेले स्नायू आणि कमी झालेली भूक येते. म्हणून वयाचा धोका कमी लेखायचा नाही. पण त्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचेही कारण नाही. डॉ. मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास जानेवारी २००९ मध्ये झाली तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये दहा तासांहून अधिक वेळ ती शस्त्रक्रिया केली. चार महिन्यांनी त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि पाच वर्षे पूर्ण केली. एका माणसाच्या उदाहरणावरून नियम काढता येत नाही, आणि पंतप्रधानांच्या वाट्याला येणारी शुश्रूषा सगळ्यांना मिळत नाही. पण या वयात छाती उघडूच नये, हे म्हणणेही त्यातून टिकत नाही.

कॅटलोनियाच्या गुणपत्रिकेत एक गोष्ट नाही, ती आपल्याकडच्या माणसांच्या फुप्फुसांत आहे. नाशिक जिल्ह्याचाच विचार करा. सिन्नर एके काळी विड्यांसाठी ओळखले जायचे. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी पुरुषांच्या छातीत त्या विड्यांचा धूर मुरलेला आहे. मालेगावात यंत्रमागांवरची सुताची धूळ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर चूल. रुग्णालयाच्या अर्जावर ‘धूम्रपान करता का?’ असा प्रश्न असतो आणि सत्तर वर्षांची आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. पण तिने चाळीस-पन्नास वर्षे दिवसातून दोन-तीन वेळा तोंड चुलीपाशी नेऊन फुंकणी फुंकलेली असते. तो प्रश्न कोणी विचारत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडले होते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला सामोरे जाणारे सुमारे ३०० कोटी. तेव्हा सीओपीडी या श्वसनविकाराचे जगातले सर्वांत मोठे कारण चूलच असू शकेल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. गॅस घरात आला, तरी आधीच्या चाळीस वर्षांचा धूर फुप्फुसांतून निघून गेलेला नाही.

तसाच जुना टीबी. पन्नास वर्षांपूर्वी झालेला, पूर्ण बरा झालेला आणि घरात कोणी ज्याचे नाव काढत नाही असा. त्याचा वण फुप्फुसावर राहतो, श्वासाची क्षमता कमी करतो. मुलांना ठाऊक नसते, म्हातारा माणूस संकोचाने सांगत नाही आणि डॉक्टरला एक्स-रे पाहून कळले तर कळते. लाज बाळगण्यासारखे यात काही नाही. लपवण्यात मात्र धोका आहे. आणि थंडी? निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. त्या दिवसांत सर्दी-खोकला घरोघरी असतो. ऑपरेशनची तारीख मिळालेली असते, मुलाने मुंबईहून रजा काढलेली असते, योजनेची मंजुरी हातात असते. तारीख पुढे जाऊ नये म्हणून खोकला दाबला जातो, सांगितला जात नाही. सतरा गुण असे गुपचूप जमा होतात.

यावर उपाय महागडे नाहीत, आणि या विषयातली सर्वांत चीड आणणारी बाब हीच आहे. अँजिओग्राफी झाल्यापासून ठरवून केलेल्या बायपासपर्यंत बऱ्याचदा दोन-तीन आठवडे जातात. हे आठवडे पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रे आणि रक्तदाते शोधण्यात संपतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या एका अभ्यासात याच दिवसांचा वापर केला गेला. बायपासची वाट पाहणाऱ्या, फुप्फुसांचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांपैकी निम्म्यांना किमान दोन आठवडे रोज वीस मिनिटे श्वास आत ओढण्याच्या स्नायूंचा व्यायाम दिला. नंतर फुप्फुसांचा त्रास नेहमीच्या गटात ३५ टक्क्यांना, तर व्यायाम केलेल्यांत १८ टक्क्यांना झाला. हा निष्कर्ष २००६ मध्ये छापून आला, त्याला आता बराच काळ लोटला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा अर्धा तास रुग्णासोबत बसून नंतर श्वास कसा घ्यायचा, खोकायचे कसे, हे शिकवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ४४१ जणांच्या चाचणीत त्रासाचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया पोटाची होती, हे खरे. पण श्वास उथळ होण्याचे कारण तेच आहे. खर्च किती, तर अर्ध्या तासाचा.

विडी-सिगारेटचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पुरावे तपासून सांगितले, की शस्त्रक्रियेआधी चार आठवडे तंबाखू बंद केली तर धोका बराच घटतो आणि चार आठवड्यांनंतरचा प्रत्येक आठवडा परिणाम आणखी १९ टक्क्यांनी सुधारतो. ‘ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर कफ वाढतो, म्हणून आता ओढू द्या’ ही कट्ट्यावरची समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे कारण शोधून लोह द्यायलाही हेच तीन-चार आठवडे हवे असतात.

तपासणीही साधी आहे. नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री, बोटावरचा ऑक्सिजन, छातीचा एक्स-रे. फुप्फुसाचा तुकडा काढायचा असेल तर जिन्याची चाचणीही घेतात: न थांबता २२ मीटर, म्हणजे साधारण सात मजले चढून जाणाऱ्याचा धोका कमी मानतात. हृदयरुग्णाने मात्र ही चाचणी घरच्या जिन्यावर करून पाहू नये.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे आपली माया आडवी येते. ‘आईंना पडून राहू द्या, एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे.’ नर्स बसवायला आली की मुलगी डोळ्यांनीच विनवते. दुसऱ्या दिवशी चालवायला नेले तर भेटायला आलेला मामा रागावतो. आडवे पडल्याने श्वासनलिका मिटतात हे वर आलेच आहे. त्यामुळे जितका आराम, तितका न्यूमोनिया जवळ. अमेरिकेतल्या बोस्टन मेडिकल सेंटरने वॉर्डात रोज करायच्या काही साध्या गोष्टी ठरवून घेतल्या: खोल श्वास, खोकणे, दात घासणे, खाटेची डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, दिवसातून किमान तीनदा खाटेवरून उतरणे, आणि हे सगळे का करायचे ते रुग्णाला व घरच्यांना समजावणे. त्यानंतर तिथले न्यूमोनियाचे प्रमाण घटले. यातल्या दात घासण्याला हसू नये. तोंडातले जंतूच फुप्फुसांत उतरतात. कवळी काढून स्वच्छ करणे, ताठ बसवल्याशिवाय घोटभरही पाणी न देणे, आडव्या माणसाला चमच्याने पेज न भरवणे, हे नातेवाइकांच्या हातात असते.

तीन चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे यंत्रही आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. ते आणायला सांगितले जाते, मेडिकलमधून येते आणि खाटेशेजारच्या टेबलावर बिस्किटांच्या पुड्याजवळ पडून राहते. नुसत्या या यंत्राने न्यूमोनिया टळतो असा भक्कम पुरावा नाही. ते वापरायला शिकवणारे माणूस आणि दर तासाला आठवण करणारे कोणीतरी असेल, सोबत उठणे-चालणे असेल, तरच त्याला अर्थ. वेदनेचेही असेच. आपल्याकडची जुनी पिढी दुखणे सोसण्यात मोठेपणा मानते. ‘थोडे दुखते, चालायचेच’ म्हणणारे आजोबा प्रत्यक्षात श्वास चोरत असतात. त्यांना ‘दुखते का?’ असे न विचारता ‘खोल श्वास घेऊन खोकून दाखवा’ असे सांगावे. खोकता येत नसेल तर वेदनाशामक कमी पडते आहे. उलट गुंगी येईल इतके दिले तरी श्वास मंदावतो, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

सगळा भार घरच्यांवर टाकणेही बरोबर नाही. व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची, तर उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे सहा ते आठ मिलिलिटर. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पूर्ण उतरला का. वेदनेसाठी नस बधिर करता येते का. शक्य तिथे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येईल का, या गोष्टी रुग्णालयाच्या आहेत. नातेवाइकांनी त्या विचारल्या तर डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि फिजिओथेरपिस्ट सकाळी एकदा डोकावून गेला की उरलेल्या दिवसाचे काय, हा प्रश्नही रुग्णालयालाच विचारायचा.

फुले योजनेचे पॅकेज रुग्ण दाखल झाल्यापासून घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांपर्यंत चालते. दाखल होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब त्यात नाही. तयारीची एक फिजिओथेरपी भेट, स्पायरोमेट्री आणि लोहाचे औषध एवढे जरी पॅकेजमध्ये आणले, तरी आयसीयूमध्ये वाढणारे दिवस वाचून सरकारचाच पैसा वाचेल. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये म्हसरूळला आहे, फिजिओथेरपीच्या पदव्या तिथूनच मिळतात. सुरगाण्याच्या रुग्णाला शहरात फेऱ्या मारायला न लावता ग्रामीण रुग्णालयातच हे अर्ध्या तासाचे शिक्षण देता येईल का, याचा प्रयोग करायला याहून सोयीचा जिल्हा राज्यात दुसरा नसेल.

प्रत्येकाला थांबता येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल, छातीत वारंवार कळ येत असेल, कर्करोगाची गाठ वाढत असेल, तर चार आठवड्यांची तयारी हा विषयच नसतो. थांबायचे की नाही हे शल्यविशारदानेच ठरवायचे. तेव्हाही आदल्या संध्याकाळचा अर्धा तास उरतोच: उशी छातीशी घट्ट धरून कसे खोकायचे, ते शुद्धीत आणि न दुखता एकदा करून पाहायला.

घरी आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून राहावे. ताप, पिवळा-हिरवा कफ, वाढती धाप, अचानक आलेला गोंधळलेपणा यांपैकी काहीही दिसले तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असे नाही; कधी तो नुसता जेवायचा थांबतो. आणि खाट कुठे टाकायची याचाही विचार व्हावा. गावाकडे ऊब मिळावी म्हणून ती चुलीच्या खोलीत टाकतात. शहरात डास चावू नयेत म्हणून खाटेखाली कॉइल लावतात. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, असे मोजमाप २००३ मध्येच झालेले आहे. मच्छरदाणी लावावी.